भिंत मोकळी पाहिजे

जाम,
५ ऑगस्ट २०२५

प्रिय अच्युतराव साहेब,

सप्रेम जय भीम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलायचं नाही, म्हणून आपल्या दोघांमुळे टपालखात्याचं थोडंफार चाललंय. मागच्या निवडणुकीत मी फोनवर एका उमेदवाराला बैल म्हटलं, तर लगेच माझाच आवाज गावातल्या साऱ्या मोबाईलवर हंबरायला लागला. तेव्हापासून कामाचं ते कागदावर.

काम असं आहे. काल दुपारी प्रभाकरराव दुकानात आले. तुम्ही आमच्या गावचे ग्रामसेवक होता तेव्हा ते शाळेत होते, आता उपसरपंच आहेत. ट्रॅक्टरचं चाक दाखवायला आणलं होतं. चाकात काही नव्हतं. मी हायवेवर बाभळीखाली पंक्चर काढत मोठा झालेला माणूस. टायर कुठून हवा सोडतो ते पाण्यात न बुडवता नुसत्या कानानं सांगतो. चाक ठीक आहे म्हटलं तरी ते हलेनात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते एका ट्रकच्या आडोशाला गेले आणि मी त्याच ट्रकच्या दुसऱ्या बाजूला नट आवळायला बसलो. नट आवळलेलाच होता.

ते म्हणाले, "भिंत मोकळी पाहिजे, बास. समाज मंदिरातली मूर्ती उचलाची. गाजावाजा करू नका." कोणत्या दिवशी तेही म्हणाले, पण तो दिवस मी इथं लिहीत नाही. त्यापुढं काही बोलणार तोच माझाच कॉम्प्रेसर सुरू झाला आणि बाकीचं सारं त्याच्या घरघरीत गेलं.

समाज मंदिर सरकारनं आमच्या वस्तीत बांधलं ते तुमच्याच देखरेखीखाली. आत भगवान बुद्धांची मूर्ती आहे. सध्या वर्षावास चालू आहे, रोज संध्याकाळी तिथं वाचन होतं, म्हाताऱ्या बायासुद्धा वेळेवर येऊन जागा धरतात. आणि ही मूर्ती कोणाला खुपते? ज्यांनी पंचायतीच्या ऑफिसात टेबलामागं संगमरवरी गणपती बसवलाय त्यांना! दर मंगळवारी भर कामाच्या वेळेला तिथं आरती चालते. मागच्या महिन्यात वस्तीतली जयवंता रहिवासी दाखल्यासाठी गेली, तर तिला म्हणाले, "चपला काढ अन् आरती होयेपर्यंत बाह्यर उभी राह्य." ती दाखला न घेताच परत आली, आणि त्यानंतर गेलीच नाही.

रोशनीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. पोरगी सरपंच आहे. बापाकडून ऐकून तिनं काही केलं, तर लोक म्हणतील वस्तीची बाजू घेते. तिला यात ओढायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलंय.

तुम्ही नियमाचे माणूस. ती इमारत कायद्यानं कोणाची? खरं ते लिहा. आणि हे पत्र वाचून झालं की फाडा.

तुमचा,
बाबाराव

*

केळझर,
९ ऑगस्ट २०२५

प्रिय बाबारावजी,

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचलं, फाडलं मात्र नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर आलेला कागद फाडायला हात होत नाही.

इथं अंगारकीची तयारी चालू आहे. टेकडीवर मांडव पडलाय, नारळवाले आतापासून जागेसाठी भांडताहेत. मी रोज सकाळी चढतो आणि गर्दी व्हायच्या आत उतरतो. हे अशासाठी सांगितलं की, पुढचं एका गणेशभक्तानं लिहिलंय हे तुमच्या ध्यानात राहावं.

इमारत पंचायतीची आहे. मूर्ती वस्तीची आहे. पंचायतीची इमारत कोणा एका धर्माची नसते, मग ती तुमच्या वस्तीत असो की भर चौकात. ऑफिसातल्या गणपतीलाही हेच लागू. मला माझा देव टेकडीवरच बरा वाटतो. टेबलामागं बसवला की लोकांना वाटतं, सहीसुद्धा तोच करतो.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. तालुक्याला अर्जबिर्ज करू नका, आणि केलाच तर त्यात 'विहार' हा शब्द घालू नका. तुम्ही विहार म्हटलं की पहिला प्रश्न येईल, मग सरकारी इमारतीत कसा? आपण टाकलेला दगड आपल्याच अंगणात पडेल. दुसरी गोष्ट, रोशनीशी बोला. गणपती बसेपर्यंत कोणी कशाला हात लावणार नाही, तेव्हा वेळ भरपूर आहे.

तुमच्या माय तानाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे?

आपला,
अच्युत

*

जाम,
१४ ऑगस्ट २०२५

श्री. अच्युतराव यांस,

जय भीम.

वर 'प्रिय' नाही हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून कारण सांगतो.

तुम्ही लिहिता, गणपती बसेपर्यंत कोणी हात लावणार नाही. प्रभाकरराव फोनवर हेच म्हणाले होते, "गनपती बसते त्या दिवशी." पण मी तो दिवस पत्रात लिहिलाच नव्हता. मुद्दाम गाळला होता. माणसाला अर्धं सांगावं आणि उरलेलं तो स्वतःहून बोलतो का ते बघावं, ही माझी धंद्यातली सवय आहे. तुमच्यावर ती वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. साहेब, तुम्हाला दिवस कोणी सांगितला?

थांबा, तेही मीच सांगतो. समुद्रपूरचा एक गाडीवाला परवा टायर बदलायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "काका, तुमच्या उपसरपंचाची बोलेरो मागच्या महिन्यात केळझरले पाह्यली. टेकडीच्या खाली, त्या रिटायर ग्रामसेवकाच्या घरापुढं. संगं एक पांढरी स्कूटी बी होती." पांढऱ्या स्कूट्या आता गल्लोगल्ली झाल्यात, रोशनीकडेही आहे, तो मुद्दा नाही. मुद्दा बोलेरोचा आहे. ती देवदर्शनाला आली असती, तर तुमच्या घरापुढं का उभी राहिली?

आता माझं ऐका. मी वस्ती गोळा केली आहे. समाज मंदिरात सतरंजी टाकून सकाळपासून आमची माणसं आळीपाळीनं बसताहेत. कोणी पेपर वाचतो, कोणी तूर निवडतो, पण जागा सोडत नाही. तालुक्याला अर्जही दिला. 'आमचे बुद्ध विहार' असं ठळक अक्षरात लिहिलं. तुम्ही नको म्हणालात म्हणूनच लिहिलं.

रोशनीला कुणकुण लागलीच. काल विचारत होती, "बाबा, तुमाले कोनी सांगितलं हे?" मी म्हटलं, "तू तुह्यं काम पाह्य." ती अर्ध्या ताटावरून उठली. पोरगी भित्री नाही, पण बापाच्या काळजीनं तिची भूक गेली आहे. हे पाप कोणाच्या माथी?

उद्या पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. मी बोलणार आहे.

बाबाराव थूल

*

केळझर,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय बाबारावजी,

नमस्कार.

तुम्ही 'प्रिय' काढलं तरी मी काढणार नाही.

ग्रामसभेत तुम्ही काय बोललात ते मला कळलं. झेंड्याखाली उभं राहून तुम्ही प्रभाकररावांना मूर्तिचोर म्हटलं. त्यांनी तुम्हाला सरपंचाचा बाप म्हणून माजलाय असं म्हटलं. खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि तुमच्या मुलीनं सभा तहकूब केली. प्रभाकरराव काल माझ्याकडे येऊन गेले. हो, बोलेरोनंच. मागच्या महिन्यातही तेच आले होते, आणि एकटे आले नव्हते. कोणाबरोबर आले ते सांगणार नाही. मी त्या व्यक्तीला शब्द दिलाय. तुम्हाला दिलेला शब्द मी कधी मोडला असेल तर हाही मोडतो.

काल ते काय म्हणाले ते मात्र सांगतो. "साहेब, आमाले फसवलं. इकडं आमच्यासंगं गोड बोलनं अन् तिकडं बापाले सतरंजीवर बसवनं. मी माह्या लोकाइले कसंबसं तयार केलं होतं. आता ते म्हन्तात, गनपती इंचभर हालनार नाई." पंचायतीतले त्यांच्या बाजूचे सदस्य राजीनामे खिशात घेऊन फिरताहेत. असं झालं तर सरपंचपद नावापुरतं उरेल. एक ठराव पास होणार नाही.

यातलं 'गनपती हालनार नाई' हे वाक्य तुम्ही नीट वाचा. तो हलायचा होता, म्हणूनच आता हलणार नाही.

तुमचे कान साऱ्या जिल्ह्यात चांगले. पण ते नेहमी ट्रकच्या पलीकडे लावलेले असतात. एकदा घरातही लावा.

आपला,
अच्युत

*

जाम,
२२ ऑगस्ट २०२५

अच्युतराव साहेब,

कान घरात लावले. आता तुमच्यावर रागावू की स्वतःवर, ते अजून ठरलं नाही, म्हणून या पत्रात दोन्ही आहे.

परवा जेवताना रोशनीला सहज म्हटलं, "ऑफिसाले रंग देऊन राह्यले म्हन्ते?"

ती म्हणाली, "हो बाबा. भिंत मोकळी झाली का देऊ."

माझा हात ताटातच राहिला. "काय झाली का?"

"मोकळी."

"प्रभाकरराव फोनवर हेच बोलला होता. शब्दाले शब्द."

तिनं पाण्याचा गिलास खाली ठेवला. "शब्द माह्याच आहे बाबा. त्यानं माह्यापासून उचलला."

साहेब, ती पांढरी स्कूटी माझ्याच अंगणात उभी होती. तिच्या मागच्या टायरात मी त्याच दिवशी सकाळी हवा भरली होती.

मी म्हटलं, "मूर्ती उचला म्हनून तू सांगितलं?"

"दोनी. ऑफिसातली बी अन् समाज मंदिरातली बी. एकाच दिवशी, एकाच वेळी. गनपती बसते त्या दिवशी त्याइचा गनपती वाजतगाजत देवळात जाईन, कोनाले अपमान वाटनार नाई. आपली मूर्ती मानानं वस्तीत येईन. हे सारं जमलं होतं."

"अन् बापाले सांगितलं नाई!"

"सांगितलं असतं तर तुमी सतरंजी टाकून बसले असते."

"ते तर मी बसलोच."

"हो ना!"

मी ओरडलो, तीही ओरडली. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे ते ऐकत होते. गावात कान फक्त मलाच आहेत असं नाही. मी म्हटलं, त्यांचा देव काढायला लाव, आपला बुद्ध देव नाही, तो शिकवणारा माणूस आहे, त्याला हा कायदा लागत नाही. तर मला म्हणते, "नर्सबाई महिन्यातून एकदा लस द्याले समाज मंदिरात बसते. गावातल्या बाया पोरं घेऊन येत नाईत. म्हन्तात, तिथं त्याइचा देव आहे. जयवंताकाकू ऑफिसात जात नाई, म्हन्ते, तिथं त्याइचा देव आहे. आता तुमी त्या लेकराइच्या मायाइले देव अन् शिकवनारा समजवत बसान का? मले लस द्याची आहे, बाबा. पंचायतीची दोनी घरं पंचायतीलेच बंद आहेत."

"कायदा तुले आपल्याच वस्तीत आठवते?"

"आपल्या वस्तीत नाई लागू, असं म्हनून त्याइच्या ऑफिसात कोन्या तोंडानं जाऊ?"

मी मायकडे पाहिलं. मला वाटलं, ही मूर्ती तिची आहे, ती हलू देणार नाही. तुम्हाला आठवत असेल. इमारत बांधून झाली, पेंटरनं दर्शनी भिंतीवर 'समाज मंदिर' लिहिलं, आणि उद्घाटनाला माझी माय उंबरठ्याबाहेर अडून उभी राहिली. छप्पन साली बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलेली बाई ती. तुम्हाला म्हणाली होती, "आमी देवळं सोडले. आता सरकार आमाले देऊळ बांधून देते काय?" तुम्ही घाम पुसत सांगत होता, आजी, इथं मंदिर म्हणजे देऊळ नव्हे, बैठकीची जागा, सरकारी कागदात असंच लिहितात. ती म्हणाली, "मंग बैठक लिहा ना." लिहिता येत नव्हतं, वरून आलेलं नाव होतं. शेवटी आम्ही आत मूर्ती बसवली, तेव्हा ती आत आली. एका शब्दापायी मूर्ती आली साहेब, नाहीतर तिथं नुसती सतरंजी असती.

तर मायनं सारं ऐकून घेतलं, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली, आणि नातीला म्हणाली, "ने बाई. माह्या घरात जागा आहे. पुढं वस्ती आपल्या हातानं विहार बांधन, त्यात बसन. पन मूर्ती नेशीन तर ते बाह्यरचं नाव बी पुसजो. मूर्ती गेली अन् मंदिर राह्यलं, तर मी पुन्हा बाह्यर उभी."

झालं. घरातल्या घरात ठराव पास. माझं एकट्याचं मत विरोधात.

पण समाज मंदिराची किल्ली माझ्याकडे आहे आणि मी ती देणार नाही. मला कायदा कळत नाही असं समजू नका. कळला, थोडा उशिरा. माझी अडचण वेगळी आहे. आम्ही आधी मूर्ती हलवली आणि प्रभाकररावानं ऐनवेळी आरती लावून गणपती तिथंच ठेवला, तर? कायद्याच्या नावानं फक्त आमचीच भिंत मोकळी होईल. मग वस्तीत माझी पोरगी कोणाला तोंड दाखवेल? लोक म्हणतील, सरपंचाच्या खुर्चीसाठी थूलाच्या पोरीनं बुद्ध विकला. ते मी जिवंतपणी ऐकणार नाही.

बाबाराव

*

कार्यालय, ग्रामपंचायत
दि. २५ ऑगस्ट २०२५

प्रति,
श्री. बाबाराव गोमाजी थूल

विषय : सार्वजनिक इमारतीची किल्ली जमा करणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, वस्तीतील ग्रामपंचायत मालकीच्या इमारतीची किल्ली आपल्या ताब्यात आहे. सदर किल्ली दि. २७ ऑगस्ट २०२५ रोजी ग्रामपंचायत कार्यालयात जमा करण्यात यावी. तसेच सदर इमारतीबाबत आपण तालुका कार्यालयास दिलेला अर्ज मागे घ्यावा, अशी आपणांस विनंती आहे.

सरपंच

(खाली पेनानं)

बाबा, वरचं सगळ्यांसाठी आहे, हे तुमच्यासाठी. तुम्ही जेवायला येत नाही, दुकानातच खाता, म्हणून लिहावं लागतंय. तुम्हाला भीती आहे की ते फसवतील. त्यांना भीती आहे की मी फसवलं. मला दोघांचीही भीती रोज ऐकायला येते, कान मलाही तुमचेच आहेत. मी आधी सांगायला पाहिजे होतं हे खरं. पण मला एकदा तरी असं काम करून बघायचं होतं, ज्याला लोक 'बाबारावानं करवून घेतलं' म्हणणार नाहीत.

*

केळझर,
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय बाबारावजी,

टपाल वेळेत पोचणार नाही म्हणून हे पत्र प्रभाकररावांच्या हातानं पाठवतोय. पाकीट मी स्वतः चिकटवलंय आणि जोडावर सही केली आहे. सही फाटलेली दिसली तर कळवा. त्यांनाही हे सांगितलंय. ते हसले, पण फार नाही.

तुमचं ते 'तर?' मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांच्याकडेही अगदी तसंच एक 'तर?' आहे. आम्ही गणपती आधी हलवला आणि थूलांनी मूर्ती हलू दिली नाही, तर गावात आमची काय लाज राहील? पहिला कोण, इथं गाडं अडलंय. मी जन्मभर भांडणाऱ्या लोकांच्या सभा घेतल्या. दोन माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. म्हणून विश्वास ठेवू नका.

बुधवारी सकाळी तुम्ही वस्तीत थांबायचं नाही. तुम्ही पंचायतीच्या ऑफिसात जाऊन उभं राहायचं आणि गणपती जातो की नाही ते डोळ्यांनी पाहायचं. प्रभाकररावांनी ऑफिसात थांबायचं नाही. त्यांनी समाज मंदिरात जाऊन उभं राहायचं. दोन्हीकडे एकाच वेळी हात लागेल. तुम्ही त्यांच्या भिंतीवर लक्ष ठेवा, ते तुमच्या. रोशनीला हे कळवलंय. तिला पटलं.

प्रभाकररावांना तोंडी उत्तर द्या. एक शब्द पुरे.

अच्युत

*

जाम,
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय अच्युतराव साहेब,

सप्रेम जय भीम.

पाकीट शाबूत होतं. मी उजेडाकडे धरून पाहिलं, प्रभाकरराव समोर उभे राहून माझं पाहणं पाहत होते. मी पत्र वाचलं आणि म्हटलं, "येतो." ते म्हणाले, "मी बी येतो." मग मी त्यांच्या बोलेरोची हवा तपासली. एका चाकात खरंच कमी होती.

बुधवारी सकाळी मी ऑफिसात जाऊन दाराशी उभा राहिलो. आत सरपंचाच्या खुर्चीत रोशनी, बाकी सारे त्यांचे लोक, पाहणारा मी एकटा. कोणी बस म्हणालं नाही. मी गणपतीवर नाही, माणसांच्या हातांवर नजर ठेवून होतो. एकानं हार काढला, एकानं खालचं वस्त्र घडी केलं, मग चौघांनी मिळून उचलला. त्यांच्या लोकांतला एक म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला, "पाह्यलं ना भाऊ? सांगजो वस्तीत." आवाजात राग होता, पण उतरवलेला हार त्यानं छातीशी धरला होता. मला ते धरणं ओळखीचं वाटलं. त्या वेळी आमच्या वस्तीतही कोणीतरी असंच काही छातीशी धरून उभं असणार.

मूर्ती दारात अडकली. टेबल आडवं येत होतं आणि चौघांचे हात गुंतलेले. सगळे थांबले. कोणी मला सांगेना, आणि मला कोणाला विचारायचं नव्हतं. मी पुढं होऊन टेबल सरकवलं. पूजा केली नाही साहेब, टेबल सरकवलं. गणपती बाहेर गेला, ढोल सुरू झाला आणि लोक मागोमाग देवळाकडे गेले. आत मी, रोशनी आणि ती भिंत. मूर्ती होती तिथं रंग जरा उजळ राहिला होता, बाकी भिंत धुरानं काळवंडलेली.

तिकडचं मला प्रभाकररावांनी नंतर दुकानात येऊन सांगितलं. ते गेले तर दारात माय बसलेली. त्यांना म्हणाली, "पाह्याले आला ना? मंग नीट पाह्य." आणि त्यांना आत नेऊन मूर्तीपुढं नुसतं उभं केलं. वस्तीच्या बायांनी वंदना म्हटली. "मले येत नाई ना ते," प्रभाकरराव मला म्हणाले, "म्हनून मी टोपी काढून उभा राह्यलो. काऊन तर माहीत नाई." नंतर मूर्ती आमच्या घरी नेताना पाऊस भुरभुरायला लागला, तर मायनं आपली छत्री त्यांच्या हातात दिली आणि बुद्धावर धरायला लावली. वस्तीभर छत्री धरून चालले म्हणे. हे त्यांनी मला का सांगितलं, त्यातही काही डाव आहे का, हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोलू?

बाहेरचं नाव पुसायला पेंटर आला होता. 'मंदिर' पुसून झालं आणि त्याचा पांढरा रंग संपला. सध्या भिंतीवर नुसतं 'समाज' आहे. पुढं काय लिहायचं यावर वस्तीत तीन मतं आहेत, आणि माय म्हणते, काहीच लिहू नका.

आता किल्लीचं. ती ऑफिसात जमा करायची होती, आणि ऑफिसात त्या वेळी सरपंच होती. मी खिशातून काढून टेबलावर ठेवली. रोशनी ती उचलणार, तेवढ्यात मी हात ठेवला. म्हटलं, "पावती पाहिजे."

ती म्हणाली, "बाबा!"

मी म्हटलं, "सरकारी जागेची किल्ली आहे. विनापावती कोनाले देत नाई. उद्या तुमी म्हनान, भेटलीच नाई."

तिनं मग खुर्ची पुढं ओढली, पावतीपुस्तक काढलं, पेन उघडलं, आणि मला विचारलं, "पूर्ण नाव?"

"तुले माहीत नाई?"

"मले माहीत आहे. सरपंचाले सांगा."

मी सांगितलं. बाबाराव गोमाजी थूल. तिनं हळूहळू लिहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. कारणाच्या जागी 'सार्वजनिक इमारतीची किल्ली' लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि पावती फाडून माझ्या हातात दिली. म्हणाली, "पुढचा माणूस." मागं कोणीच नव्हतं. मग वळून पाहिलं तर दारात जयवंता उभी होती, पायात चपला, दाखल्यासाठी.

संध्याकाळी घरी जेवलो.

पावती दुकानात काचेखाली लावली आहे. रिकाम्या वेळी वाचतो. 'किल्ली मिळाली' याच्या वर माझं नाव आहे, आणि खाली सही आहे, रोशनी बाबाराव थूल, सरपंच. एका कागदावर दोनदा बाबाराव, साहेब. एकानं दिली आणि एकानं घेतली.

तुमचाच,
बाबाराव